चार वर्षं दारू सोडली, मग एका क्वार्टरवर लिव्हर कसं गेलं? यवतमाळकडची एक केस

ही केस यवतमाळ जिल्ह्यातली आहे, वर्धा नदीच्या अलीकडचं गाव, नाव टाकत नाही. नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा, तिथं कागदावर कित्येक वर्षांपासून दारूबंदी, म्हणून अलीकडच्या देशीच्या दुकानांवर दोन्ही काठची गर्दी असते. पेशंट दोन भावांतला लहाना. सहा एकर कोरडवाहू, कापूस, मधात तुरीच्या ओळी, थोडं सोयाबीन. पहिल्यांदा आला तेव्हा वय ४६. केस लिहायचं कारण एवढंच की याने जो प्रश्न विचारला तो ओपीडीत बरेच जण विचारतात, आणि "तुम्ही परत प्यायला लागलात ना" एवढं बोलून आपण मोकळे होतो. ते उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे.

प्रश्न असा होता: "साहेब, पयले मी रोजचे दोन क्वाटर पेत होतो, वीस-बावीस वर्स पेलो, तवा कुठं कावीळ झाली. मंग चार वर्स हात नाही लावला. आता पाच महिने फकस्त एकेक क्वाटर पेलो. कमीच पेलो न? मंग पयल्यापेक्षा जास्त कसं बिघडलं?"

पहिली खेप

२०१९ चा पावसाळा. डोळे पिवळे, भूक गेलेली, पायावर सूज. घरच्यांनी आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं, गळ्यात माळ घातली, माळ लांबत गेली आणि कावीळही वाढत गेली. त्याहून वाईट म्हणजे तेल, तूप, डाळ, अंडं सगळं बंद करून फक्त भात आणि उसाचा रस चालू होता. हे आपल्याकडे इतकं पक्कं डोक्यात बसलंय की एमएस्सी झालेला पोट्टाही बापाची डाळ बंद करतो. लिव्हर बिघडलेल्या माणसाला उलट जास्त प्रोटीन लागतं, किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, आणि हा माणूस ५१ किलोवर आला होता.

दारूचा हिशोब नीट मांडला पाहिजे कारण लोक "देशीच तं पेतो, विलायती नाही पेत" असं सांगतात, जणू देशी म्हणजे ताक. देशी ४२.८ टक्के अल्कोहोलची असते, क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, दोनात १२०. रोज ३० ग्रॅमच्या वर गेलं की लिव्हरचा धोका चढायला लागतो असं धरतात. बिलिरुबिन (कावीळीचा आकडा) ६.८, मार बसलेल्या पेशींतून रक्तात येणारी एन्झाइमं एसजीओटी १६८ आणि एसजीपीटी ७१ (एसजीओटी दुपटीहून जास्त, दारूच्या लिव्हरचा हा ठरलेला पॅटर्न), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) ३.१, प्लेटलेट १ लाख ३२ हजार. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह. सोनोग्राफीत लिव्हर मोठं, चरबी भरलेलं, खरबरीत.

एक बारकी गोष्ट इथंच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. याच्या तांबड्या पेशी मोठ्या होत्या, एमसीव्ही १०६, पण बी१२ चा रिपोर्ट एकदम चांगला, ४८०. असं होतं, कारण मार बसलेल्या लिव्हरमधून साठवलेलं बी१२ रक्तात सांडतं आणि रिपोर्ट खोटा चांगला दिसतो. कावीळ उतरल्यावर परत केला तर १५०, होमोसिस्टीन (बी१२-फोलेट कमी पडलं की चढतं ते) २८. घरात मटण महिन्या-दोन महिन्यातून एकदा, दूध विकायला, खायला भाकर-बेसन, म्हणजे बी१२ येणार कुठून. फोलेट तर दारूच आतड्यातून शोषू देत नाही.

दारू बंद, थायमिन, बी१२ ची इंजेक्शनं, फोलिक ॲसिड, रोज दोन अंडी, रात्री झोपायच्या आधी काहीतरी खाणं. एवढ्यानेच माणूस वर आला. तीन महिन्यांनी नागपूरला फायब्रोस्कॅन करून घेतला, लिव्हरचा कडकपणा १६.२ किलोपास्कल. निरोगी माणसाचा ५ च्या आसपास असतो.

मोठ्या भावाचं सांगायचं राहिलं. तो वयानं ५ वर्षांनी मोठा, पिण्यात कधीच कमी नव्हता, उलट याच्याआधी सुरू केलेली. त्याला काही झालेलं नव्हतं. गावात याचा अर्थ असा लावला गेला की लहान्याला कावीळ "लागली", दारूचा संबंध नाही. खरं तर रोज भरपूर पिणाऱ्यांतही १० ते २० टक्के लोकांनाच सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर कडक, गाठाळ होणं) होतो, त्यात जीन्सचा वाटा आहे, पीएनपीएलए३ नावाच्या जीनमधला एक बदल २००८ मध्ये सापडला तो चरबी आणि फायब्रोसिस (व्रण साठणं) दोन्हीला हातभार लावतो. पण सख्ख्या भावांमध्ये जीन्स बऱ्याच सारख्या असतात आणि वावर, पाणी, फवारणी, दारूचं दुकान हे सगळं एकच, तरी लिव्हर वेगळं, म्हणजे जीन्सच्या वर अजून काहीतरी चालू असू शकतं.

मधली चार वर्षं

सोडली ती खरंच सोडली. बायको घट्ट, पोरगं आयटीआयला, आणि कावीळीत मरता मरता वाचलो ही भीती. २०२० मध्ये फायब्रोस्कॅन ११.४, २०२२ मध्ये ९.१. कावीळ गेली, वजन ६० वर, एसजीओटी ३४, एसजीपीटी २६, बिलिरुबिन ०.९, प्लेटलेट १ लाख ६५ हजार. रिपोर्टच्या कागदावर एकही आकडा ठळक अक्षरात नाही, आणि माझ्या मते या केसमधला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच.

कारण त्याच "नॉर्मल" आकड्यांचा फिब-४, म्हणजे साध्या रिपोर्टवरून व्रणाचा अंदाज देणारा स्कोअर, काढून बघा. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागा प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ४९ गुणिले ३४ म्हणजे १६६६, खाली १६५ गुणिले ५.१, उत्तर १.९८. १.३ च्या खाली असतं तर निवांत, २.६७ च्या वर असतं तर घोर. हा मधला पट्टा, म्हणजे फायब्रोसिस आहे का नाही ते कागदावरून सांगता येत नाही, पुढं तपासा. एसजीपीटी ही आज पेशी किती मरून राहिल्या ते सांगते, आत किती व्रण साठलाय ते सांगत नाही. पण गावात पसरलं काय तर "याचं लिव्हर नारमल आलं". आणि हा सुद्धा म्हणायला लागला, "रिपोट सारे नारमल हायेत".

२०२३ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, शेतंच्या शेतं पिवळी पडली, याचंही गेलं. दिवाळीत मेहुण्याबरोबर बसला. एक क्वार्टर. मग रोज एक.

दुसरी खेप

मार्च २०२४ मध्ये आणला तेव्हा पोट टम्म, हातपाय काड्या, बोलण्यात अडखळत होता, दिवसा झोपायचा रात्री जागायचा. बिलिरुबिन १४, एसजीओटी १४२, एसजीपीटी ४८, अल्ब्युमिन २.४, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) २.०, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) १.३, सोडियम १२८. लिव्हर किती बिघडलंय ते मोजणारा चाइल्ड-प्यू सी, म्हणजे सगळ्यात वाईट वर्ग, १३ गुण. मेल्ड, जितका जास्त तितका जीवाला धोका असा दुसरा स्कोअर, २७. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत मोठ्या फुगलेल्या शिरा. म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या दोन क्वार्टरने जिथं नेलं नव्हतं तिथं पाच महिन्यांच्या एका क्वार्टरने नेलं.

दुसरं काही आहे का ते पाहिलं. हिपॅटायटिस ए आणि ई निगेटिव्ह, बी-सी परत केले ते निगेटिव्ह. स्क्रब टायफस आपल्या भागात असतो म्हणून तोही केला, लेप्टोही, दोन्ही नाही. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन नव्हतं, सोनोग्राफीत गाठ नव्हती, पोर्टल शिरेत रक्त गोठलेलं नव्हतं. फवारणीचा मोसम केव्हाच संपला होता, म्हणजे कीटकनाशकाचाही संबंध नाही. एक गोष्ट निघाली ती अशी की बायकोने आठवडी बाजारातून "न सांगता दारू सोडवा" वाली पावडर आणून आठ-दहा दिवस वरणात कालवली होती. अशा पावडरींत डायसल्फिराम असू शकतं, आणि आधीच बिघडलेल्या लिव्हरला ते औषध जड जातं, सिरॉसिसमध्ये टाळतातच. पण पोट फुगायला लागल्यावर तिने ती आणली, म्हणजे सुरुवात त्याने झालेली नाही. बिचारीला कोणी रागावू नये, जाहिराती गावागावातल्या भिंतींवर आहेत.

मग उरतं काय? आधीचा व्रण शिल्लक होता, ९.१ म्हणजे कोरं लिव्हर नव्हे, हे एक. आणि दुसरं, ज्याच्याबद्दल मला लिहायचंय.

लिव्हरची आठवण

लिव्हरमध्ये स्टेलेट नावाच्या पेशी असतात, चांदणीच्या आकाराच्या, १८७६ मध्ये कुप्फर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पहिल्यांदा पाहिल्या. निरोगी लिव्हरमध्ये त्या निवांत बसून शरीराचं बहुतेक व्हिटॅमिन ए चरबीच्या थेंबांत साठवून ठेवतात. दारूने, व्हायरसने, चरबीने आजूबाजूच्या पेशी मरायला लागल्या की याच पेशी चरबी टाकून देतात, लांबट होतात, आकसायला शिकतात आणि कोलॅजनचे धागे काढायला लागतात. तो कोलॅजन म्हणजे फायब्रोसिस, आणि फायब्रोसिस वाढत वाढत सिरॉसिस.

आता डीएनए तर त्या पेशीचा तोच आहे, एक अक्षर बदललेलं नाही, मग तीच पेशी साठवणारी होती ती धागे काढणारी कशी झाली? तर कोणती जीन उघडी ठेवायची आणि कोणती बंद, याच्या खुणा डीएनएवर आणि तो ज्या हिस्टोन प्रोटीनवर गुंडाळलेला असतो त्यावर असतात. मिथाइलचे बारके गट, ॲसिटिलचे गट, शिवाय मायक्रोआरएनएचे छोटे तुकडे जे जीनचा निरोप मधातच अडवतात. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. सातबारा डोळ्यापुढे आणा. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, पण इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढला की त्या जमिनीचं तुम्ही काय करू शकता ते बदलतं, आणि कर्ज फेडलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, निल दाखला घेऊन तलाठ्याकडं जा, फेरफार होऊ द्या, तोवर पैसे फिटूनही नोंद तशीच.

स्टेलेट पेशीत हे कसं घडतं ते इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या गटाने बऱ्यापैकी उकललंय. पीपार गामा नावाची जीन या पेशीला शांत ठेवते. इजा झाली की मायक्रोआरएनए १३२ कमी होतं, त्यामुळे एमईसीपी२ नावाचं प्रोटीन वाढतं, ते पीपार गामावर जाऊन बसतं आणि ईझेडएच२ या एन्झाइमलाही कामाला लावतं, ते हिस्टोनवर मिथाइल चढवून जीन बंद करतं. शांत ठेवणारी जीनच बंद, मग पेशी सुटली.

आणि दारू इथं दोन्हीकडून कारभार करते. शरीरातलं बहुतेक मिथाइल देण्याघेण्याचं काम लिव्हरमध्येच चालतं, त्याला लागणारा माल म्हणजे एस-ॲडेनोसिल मेथिओनिन, डॉक्टर लोक "सॅमी" म्हणतात, तो बनायला फोलेट आणि बी१२ लागतं. दारू फोलेट घटवते, मेथिओनिन सिंथेज हे एन्झाइम दाबते, आणि सिरॉसिसकडे जाणाऱ्या लिव्हरमध्ये सॅमी बनवणारी जीनच मंदावते. म्हणून मघाशी बी१२ आणि होमोसिस्टीनचा आकडा सांगितला: याच्या लिव्हरकडे खुणा नीट राखायला कच्चा मालच नव्हता. दुसरीकडून, दारू फुटून शेवटी ॲसिटेट होतं, त्यातून ॲसिटिल गट तयार होतात आणि ते हिस्टोनवर जाऊन बसतात, म्हणजे बंद असायच्या जीन्स उघड्या पडतात. २०१९ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की लिव्हरमध्ये तयार झालेलं हे ॲसिटेट रक्तातून मेंदूत जाऊन तिथल्या हिस्टोनवरही बसतं, आणि दारूशी जोडलेल्या जागेची ओढ शिकण्यात त्याचा हात असतो. दुकानापुढून जाताना पाय आपोआप वळतात म्हणतात ना, त्यातला थोडा भाग पितानाच लिव्हरने पाठवलेला असतो. "मनाचा कच्चा आहे" म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांमध्ये एकच प्रश्न तपासला, इजा थांबवली तर या धागे काढणाऱ्या पेशींचं होतं काय? साधारण अर्ध्या मरून जातात. उरलेल्या परत शांत होतात. पण शांत झालेल्या पेशी कधीच न भडकलेल्या पेशींसारख्या होत नाहीत, अर्धवट तयारीत बसतात, आणि दुसऱ्यांदा इजा केली की पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात कोलॅजन काढायला लागतात. सोनोग्राफी साफ, एसजीपीटी साफ, आणि आत हे बसलेलं.

लहान्याच्या लिव्हरमध्ये हेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, बायोप्सी केलेली नाही आणि केली असती तरी आपल्याकडच्या लॅबमध्ये या खुणा कोणी वाचून देत नाही. शिवाय ९.१ चा जुना व्रण, कुपोषण, आणि दारूने आलेली ताजी सूज हे तिन्ही हिशोबात आहेतच, बिलिरुबिन १४ हे मुख्यतः त्या सुजेचं, धाग्यांचं नव्हे. पण "कमी पिऊन जास्त कसं" याचा मेळ पेशींच्या या आठवणीशिवाय नीट बसत नाही असं माझं मत आहे.

दारूपुरतंच हे आहे असंही नाही. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी तीन महिन्यांत बरा होतो, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध फुकट आहे, पण व्हायरस गेल्यावरही हिस्टोनवरच्या काही खुणा लिव्हरमध्ये तशाच राहतात हे २०१९ मध्ये छापून आलं, आणि ज्यांना बरं होण्याआधीच सिरॉसिस झालेला होता त्यांच्यात कॅन्सरचा धोका कमी झाला तरी संपत नाही, त्याचं एक कारण ते असावं. फॅटी लिव्हरचंही तसंच. २०१४ च्या एका अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १० ने जास्त असला की लिव्हरचं एपिजेनेटिक वय, म्हणजे मिथाइल खुणांवरून काढलेलं वय, ३.३ वर्षांनी पुढे दिसलं, आणि ऑपरेशन करून वजन झपाट्याने उतरवलं तरी ते वय लगेच मागे आलं नाही. आणि "आपल्याला काय, आपण तर बारीक" असं कोणी म्हणू नये. पश्चिम बंगालच्या खेड्यांत २०१० मध्ये छापलेल्या सर्व्हेत फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या खाली होता.

यावर औषध आहे का?

लोक विचारतात की खुणाच आहेत तर पुसायचं औषध द्या. सॅमीच्या गोळ्या मेडिकलवर मिळतात, महाग. स्पेनमध्ये १९९९ साली दारूच्या सिरॉसिसचे १२३ पेशंट दोन वर्षं पाहिले, मरण किंवा ट्रान्सप्लांट ३० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं पण आकडेशास्त्राने तो फरक पक्का धरता आला नाही, सगळ्यात बिघडलेले पेशंट बाजूला काढल्यावरच फरक ठरला. पुढे सगळे अभ्यास एकत्र पाहणाऱ्यांना ठोस फायदा दिसला नाही. मी लिहून देत नाही, तेवढ्या पैशात महिन्याची अंडी येतात.

खुणांवर थेट जाणारं एक औषध मात्र माणसांवर तपासलं गेलंय, लार्सुकोस्टेरॉल, मिथाइल चढवणारी एन्झाइमं दाबतं. दारूच्या तीव्र हिपॅटायटिसमध्ये ३०७ पेशंटवर ट्रायल झाली, २०२३ च्या शेवटी निकाल आला, मुख्य निकष पार झाला नाही. ९० दिवसांतले मृत्यू औषधाच्या दोन्ही डोसमध्ये कमी दिसले, पण तेवढ्यावर औषध बाजारात येत नाही. न्यूकॅसलवाल्यांनीच रक्तात तरंगणाऱ्या डीएनएवरून पीपार गामाच्या मिथाइल खुणा मोजून फायब्रोसिसचा अंदाज घेता येतो असं २०१७ मध्ये दाखवलं, तेही अजून तालुक्याच्या लॅबपर्यंत आलेलं नाही. तोवर आपल्या हातात फिब-४, फायब्रोस्कॅन आणि पेशंटची खरी हिस्ट्री.

लहान्याचं काय केलं ते थोडक्यात. पोटातलं पाणी काढलं, अल्ब्युमिन दिलं, गुंगीसाठी लॅक्टुलोज आणि रिफॅक्सिमिन, इन्फेक्शन नाही याची खात्री करून सुजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिग्रॅ. सातव्या दिवशी लिली स्कोअर ०.३१ आला, ०.४५ च्या खाली म्हणजे स्टेरॉइडला प्रतिसाद आहे, म्हणून २८ दिवस पूर्ण केले. शिरांना बँडिंग, पुढं कार्व्हेडिलॉल. मीठ कमी, आणि ते सांगताना भाजीतलं मीठ सांगून भागत नाही, पापड, लोणचं, खारातली मिरची, चिवडा हे एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. रात्री झोपताना दूध-भाकर किंवा फुटाणे, कारण असं लिव्हर रात्रभर उपाशी राहिलं की स्नायूच खातं. डोकं साफ झाल्यावर बॅक्लोफेन सुरू केलं, सिरॉसिसमध्ये दारूची ओढ कमी करायला तपासलेली जी थोडी औषधं आहेत त्यातलं ते एक, ट्रायल २००७ ची. बेशुद्धीकडं झुकलेल्या पेशंटला ते देऊ नये, म्हणून थांबलो होतो.

मेल्ड तीन महिन्यांनी १६, वर्षाने १२. कावीळ गेली, पोटातलं पाणी थोड्या गोळ्यांवर आटोक्यात आहे, फायब्रोस्कॅन २८. म्हणजे आता सिरॉसिस आहेच, पण माणूस वावरात जातो, डवरणी दुसऱ्याकडून करून घेतो. ट्रान्सप्लांटची गरज या घडीला नाही.

बायकोचा प्रश्न वेगळा होता: "पोट्ट्याले तं नाही ना होणार हे?" २०१२ मध्ये नर रॅटवर, म्हणजे मोठ्या उंदरांवर, एक अभ्यास झाला, बापाच्या लिव्हरला वारंवार इजा केली तर मुला-नातवांमध्ये फायब्रोसिस उलट कमी झाला, म्हणजे वारसा आला तो बचावाचा. माणसांत असं सिद्ध झालेलं नाही आणि रीलवाले जे "सात पिढ्यांचं लिव्हर" वगैरे सांगतात त्याला काही आधार नाही. माणसांमध्ये आपल्याजवळचा पुरावा पुण्याचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या केईएमच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची मुलं पाहिली, त्यात आईचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी असलं की मुलांत इन्सुलिन नीट न चालण्याचं प्रमाण जास्त निघालं. तो लिव्हरचा अभ्यास नाही, पण पोरीचं लग्न झालंय आणि तिला दिवस गेलेत, म्हणून तिचं बी१२ करायला सांगितलं. १६८ आलं, म्हणजे कमीच. पोराला हिपॅटायटिस बी ची लस दिली, त्याच्या जन्मावेळी ती सरकारी लसीकरणात नव्हती. आणि खर्रा बंद कर म्हटलं, त्यावर तो हसला.

मोठा भाऊ शेवटी स्वतःहून आला. फायब्रोस्कॅन ६.४, फिब-४ मात्र १.६, वयामुळे थोडा चढतो. त्याने त्यातला ६.४ तेवढा ऐकला. "मंग मले तं काईच नाही." मी म्हटलं दादा, तुमच्या लिव्हरचा आजचा कडकपणा मोजलाय, आतल्या पेशी किती तयारीत बसल्यात ते या मशीनला दिसत नाही, लहान्याचं २०२२ मधलं एसजीपीटी तुमच्या आजच्यापेक्षा चांगलं होतं. थोडा वेळ गप्प राहिला, मग दुकानाच्या वेळेचं काहीतरी बोलला आणि विषय बदलला. लहान्याची सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) दिवाळीच्या आधी लावली आहे, मोठ्यालाही त्याच दिवशी सोबत ये, रक्त परत तपासू असं सांगितलंय. कापसाची वेचणी कशी निघते ते पाहून कळवतो म्हणाला.